वहीतली रिकामी तारीख



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ३६.

अर्जुन इथे अगदी आपल्या मनातलं बोलतो. तो म्हणतो, देवा, तू सांगतोस ते सगळं पटतंय, पण हे मन जागेवर राहत नाही. त्याला धरणं म्हणजे वारा मुठीत धरणं. भगवंत त्याला रागावत नाहीत. आधी ते मान्य करतात की हो, अवघड आहे खरं. मग दोनच गोष्टी सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

हे श्लोक मी याआधीही वाचलेत. पण या वेळी ते वाचताना मान खाली गेली. का, ते सांगतो.

मागच्या वर्षी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्या पायाची एक जखम चार महिने भरली नव्हती, आणि रोजचं ड्रेसिंग मी करायचो. त्यामुळे तो आकडा माझ्यासाठी नुसता आकडा नव्हता.

मग काय, इंजिनिअर माणूस! घड्याळ घेतलं, एक्सेल शीट केली, रोज दहा हजार पावलं आणि बारा सूर्यनमस्कार ठरवले. झालं की चौकोन हिरवा, नाही झालं की लाल. सलग ५३ दिवस हिरवे. मित्रांना स्क्रीनशॉटसुद्धा पाठवले.

५४व्या दिवशी रिलीज होती. रात्री पावणेबाराला घरी आलो तेव्हा घड्याळात ८,९१२ पावलं. मी सोफ्यावर बसलो आणि हात हलवायला लागलो. घड्याळाला ते चालणंच वाटतं. तेवढ्यात लेक पाणी प्यायला उठली आणि झोपेतच म्हणाली, "बाबा, तू कुणाला टाटा करतोयस?"

काय सांगणार? चौकोन हिरवा झाला. पण दुसऱ्या दिवशी टेकडीवर जायची इच्छाच होईना. एकदा खोटं लिहिलं की आधीचे खरे ५३ दिवसही संशयास्पद वाटायला लागतात. त्यानंतर नऊ दिवस शीट उघडलीच नाही.

गंमत म्हणजे ज्या दहा हजारांसाठी मी खोटं बोललो, तो आकडा कुठल्या शास्त्रातला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. तिथून तो आकडा जगभर गेला. चालणं चांगलंच आहे, प्रश्नच नाही. पण साडेनऊ हजारांवर थांबलो तर पाप लागत नाही!

उलट एचबीएवनसीला फसवता येत नाही. आदल्या दिवशी गोड टाळून उपाशीपोटीची साखर जरा बरी दाखवता येईल, पण एचबीएवनसी साधारण गेल्या तीन महिन्यांचा हिशोब सांगतं. एका रात्रीचा हात हलवणं तिथे चालत नाही. मला वाटतं, अभ्यास या शब्दाचा अर्थ हाच. एका दिवसाचा पराक्रम म्हणजे अभ्यास नव्हे.

पतंजलींनीही योगसूत्रांत हीच जोडी सांगितली आहे, आणि अभ्यास कसा हवा तेही सांगितलंय : दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. मी पहिल्या दोन अटींच्या मागे धावत होतो. तिसरी विसरलो. हात हलवून चौकोन हिरवा करणं हा त्या साधनेचा अनादरच होता.

मग "खंड न पडता" याचं काय? रोज कुणाला जमतं? इथे मला आजीची जपाची वही आठवली. ती रोज एक पान रामनाम लिहायची, वर तारीख घालून. एकदा ती तापाने पडली होती, ते पाच दिवस वहीत तारखा आहेत आणि खाली पान कोरं. लहानपणी मी विचारलं होतं, "आजी, हे नंतर भरून का नाही टाकलंस?" ती म्हणाली, "अरे, त्या दिवशी झालं नाही ना, मग कसं लिहू? सहाव्या दिवशी लिहिलं की." तिचे दिवस चुकले होते, नेम सुटला नव्हता. खंड न पडणं ते हेच असावं. याच अध्यायात पुढे, चाळिसाव्या श्लोकात, भगवंत धीर देतात की चांगलं करू पाहणाऱ्याची कधी दुर्गती होत नाही.

आणि वैराग्य? ते मला हिरव्या चौकोनापासून घ्यायचं आहे, चालण्यापासून नाही. नुसता अभ्यास असेल तर आकड्याचा अहंकार चढतो. नुसतं वैराग्य म्हटलं तर "देह काय, नश्वरच आहे" असं म्हणत आपण वडापाव खात बसतो! म्हणून भगवंतांनी दोन्ही एकत्र सांगितले.

काल शीट उघडली. ५४व्या दिवसासमोर ८,९१२ लिहिलं. पुढचे नऊ चौकोन कोरे ठेवले. आज सकाळी सहा नमस्कार झाले, तेही तसेच लिहिले. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. काय येईल ते येवो.

आजचा संकल्प : तुमची साधना कोणतीही असो, जप, वाचन, चालणं. आजच्या तारखेसमोर जे खरं आहे तेच लिहा. कोरं असेल तर कोरं. आणि उद्या पुन्हा सुरू करा.

पांडुरंगा, हा देह तू सांभाळायला दिला आहेस. त्याचा हिशोब खरा ठेवायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरि.