कोल्ह्याचं नाव कुठेच नाही

दुसरीतली ती मुलगी अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. आधी 'कों', मग 'ब', मग 'डी'. तिन्ही तुकडे हाती लागल्यावर तिनं ते एका दमात जोडले आणि 'कोंबडी' म्हणून श्वास सोडला. पुढचा शब्द सुरू करायच्या आत तिची नजर चित्रावर गेली. कोंबडीच्या मागून उडी घेतलेला कोल्हा, आणि तो जिथं पाय टेकणार तिथंच दात वर करून पडलेलं दाताळं. ती ओरडली, "बाई, दाताळं!" चटईवरची बाकीची पोरं गुडघ्यांवर सरकत आली. पान उलटलं. दाताळ्याचा दांडा उसळून कोल्ह्याच्या नाकावर बसला होता. त्या पानावर एकही शब्द नव्हता, आणि पोरं हसून लोळत होती.

पुस्तकाचं नाव 'रोझीज वॉक'. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचं हे पहिलं पुस्तक, 1968 सालचं. मूळ इंग्रजीत सगळे मिळून 32 शब्द आणि तेवढ्यातच संपणारं एक वाक्य. रोझी नावाची कोंबडी शेतावर फेरफटका मारते आणि जेवायच्या वेळेला खुराड्यात परत येते, एवढंच ते वाक्य सांगतं. चित्रं मात्र दुसरीच गोष्ट सांगतात. पहिल्यापासून कोल्हा तिच्या मागावर आहे. तो तळ्यात पडतो, गवताच्या गंजीत गाडला जातो, गिरणीपाशी पिठानं पांढरा होतो, शेवटी मधमाश्या मागं लागल्यावर पळत सुटतो. एका पानावर दोन-चार शब्द आणि येऊ घातलेलं संकट, पुढच्या पानावर शब्दाविना फजिती, अशी त्याची चाल आहे. मजकुरात कोल्ह्याचं नाव कुठेच नाही.

शनिवारच्या वाचनाच्या तासाला हे पुस्तक न्यायचं ठरवलं तेव्हा मी प्रत्येक पानावर मराठी मजकुराची पट्टी चिकटवली. त्या पट्ट्या लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. 'कोल्हा' या शब्दात ल आणि ह यांचं जोडाक्षर आहे, आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथं हमखास अडतं. इथं तो शब्द वाचावाच लागत नाही. गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र पोरांना वाचण्याआधीच भेटलेलं असतं.

दुसरी गोष्ट अडचणीची होती. 'वरून', 'खालून', 'भोवतून' असं सांगणारे इंग्रजीतले शब्द सुटे आणि आखूड असतात. मराठीत ते नामाला चिकटतात, आणि चिकटताना नामाचंही रूप पालटतं. तळ्याचं 'तळं' राहत नाही, 'तळ्याभोवतून' होतं. पेटीचं 'मधपेट्यांखालून' होतं. दोन अक्षरांचा ओळखीचा शब्द बघता बघता सहा अक्षरांची लांबलचक गाडी होतो, मध्येच जोडाक्षर येतं, आणि मूल शेवटच्या डब्यापर्यंत पोचेतो पहिला डबा विसरलेलं असतं. शिवाय अंगण ओलांडणं आणि कुंपणाच्या फटीतून जाणं यांसाठी इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत 'अंगणातून' आणि 'कुंपणातून', दोन्हीकडे तोच 'तून'. हा फरक मला पट्टीत आणता आला नाही. तो चित्रानं सांभाळला. म्हणून मराठीत वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी चित्राची गरज इंग्रजीपेक्षा काकणभर जास्तच आहे, असं मला वाटतं. चित्र बघून शब्द ओळखला तर आपण मुलाला "अंदाजानं वाचू नकोस" म्हणून दटावतो. दटावण्याऐवजी "आता अक्षरं बघून ताडून घे" म्हटलं, तर त्याचा अंदाजही कामी येतो आणि अक्षरांशीही नातं जुळतं.

त्या हसण्याकडे परत येते. वाचताना मूल हसतं तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं? शब्द म्हणतात, कोंबडी फिरायला निघाली. चित्र म्हणतं, तिच्या जिवावर बेतलंय. या दोहोंमधली तफावत मुलानं स्वतः ओळखलेली असते. ती त्याला कुणी सांगितलेली नसते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला शाळेत दिवसभर आपण कुठं कमी पडतो हेच ऐकावं लागतं. इथं पुस्तकातल्या शब्दांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. एखादं मूल खडाखडा वाचतं, पण वाचलेलं त्याला कळलं की नाही हे आवाजावरून समजत नाही. गोष्ट नेमक्या जागी हसायला लावते तेव्हा उत्तर मिळतं. शेतातल्या प्राण्यांच्या गमतीदार पुस्तकांना मी लहान मुलांच्या वाचनात इतकं वरचं स्थान देते ते एवढ्यासाठी. गंमत म्हणजे कडू औषधावरची साखर, असं मला कधीच वाटलं नाही. तिथं आकलन डोळ्यांना दिसतं.

हे आपल्याला परकं नाही. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी आठवा. म्हातारी कुठं आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं, वाघाला ठाऊक नसतं, आणि सगळी मजा त्या न सांगण्यात असते. आजीच्या तोंडून ऐकताना जे मूल इतकं हुशार असतं, त्याच्या हाती पहिलं पुस्तक देताना आपण त्याला एकदम अडाणी का धरतो? काना, मात्रा, वेलांटी नसलेले शब्द ओळीनं मांडून केलेली वाक्यं त्याला वाचायला देतो. घरात, रानात, बाजारात तसं कुणी बोलत नाही. अक्षरांच्या सरावाला ती चालतील, पण गोष्टीची जागा त्यांनी घेऊ नये.

अमेरिकेतही हीच तक्रार झाली होती. 1954 मध्ये जॉन हर्सी या लेखकानं 'लाइफ' साप्ताहिकात लिहिलं की शाळांमधली पहिली पुस्तकं नीरस आहेत आणि चित्रांमधली मुलं खोटी वाटतात. त्या चर्चेतून 1957 साली डॉ. स्यूस यांचं टोपीवाल्या मांजराचं पुस्तक आलं, अवघ्या 236 वेगवेगळ्या शब्दांत बांधलेलं. तिकडे न्यूझीलंडमध्ये जॉय काउली यांनी वाचनाचा कंटाळा करणाऱ्या आपल्या मुलासाठी छोट्या गोष्टी लिहायला सुरुवात केली, आणि पुढं 1980 मध्ये त्यांची 'मिसेस विशी-वॉशी' आली. गाय, डुक्कर आणि बदक चिखलात लोळतात, बाई त्यांना घासूनपुसून लख्ख करते, आणि तिची पाठ वळताच तिघंही पुन्हा चिखलात. तीच वाक्यरचना प्राणी बदलून परत येते, त्यामुळे तिसऱ्या प्राण्यापर्यंत मुलाला वाक्य पाठ झालेलं असतं आणि डोळ्यांना नव्या एका शब्दाचंच काम उरतं.

या सगळ्यांत मला फार जवळचं वाटतं ते डोरीन क्रोनिन यांनी लिहिलेलं, बेट्सी लुईन यांनी चित्रं काढलेलं 2000 सालचं पुस्तक, 'क्लिक, क्लॅक, मू'. ते मोठ्यांनी वाचून दाखवायचं आहे. गायींना गोठ्यात जुना टाइपरायटर सापडतो. गोठ्यात गारठा आहे, विजेवर तापणारी पांघरुणं द्या, अशी चिठ्ठी त्या मालकाला टाइप करून पाठवतात. तो नाही म्हणतो, तर दूध बंद. मग कोंबड्याही त्यांना सामील होतात आणि अंडी बंद. मुलं खदखदून हसतात. पण लिहिता येणं म्हणजे काय हे मी इतक्या सोप्या रीतीनं मांडलेलं दुसरीकडे पाहिलेलं नाही. गायी आधीही हंबरत होत्याच. लिहिल्यावर मालकाला उत्तर द्यावं लागलं.

आपल्याकडे प्राण्यांच्या गोष्टींची कमतरता नाही, पण त्यातले प्राणी बहुतेक वेळा काहीतरी शिकवायला येतात आणि शेवटी तात्पर्य ठेवून जातात. ते तात्पर्य आलं की मुलाला करण्यासारखं काही उरत नाही. रोझीची गोष्ट संपल्यावर चटईवर भांडण जुंपलं होतं. कोल्हा मागं आहे हे कोंबडीला माहीत होतं की नव्हतं? निम्मी पोरं म्हणत होती, नव्हतंच, ती बघा कशी निवांत चाललीय. घरी कोंबड्या पाळणारा एक मुलगा ऐकेना. "कोंबडीचे डोळे दोन बाजूंना असतात. तिला मागचंबी दिसतं. आमची लाल कोंबडी मागून मांजर आलं तरी मान न वळवता पळती." मग सगळ्यांनी पुस्तक परत पहिल्या पानापासून काढलं आणि दर पानावर तिचा डोळा तपासला. त्या निमित्तानं ते वाक्य तीन वेळा वाचून झालं. कुणीही त्यांना पुन्हा वाचा म्हटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी कोरे कागद शिवून वह्या केल्या आणि आपल्या गोठ्यातला कुठलाही प्राणी घ्या म्हटलं. त्या दुसरीतल्या मुलीनं शेळी घेतली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शेळी उभी आहे.' वरच्या चित्रात शेळी शाळेच्या दारात उभी होती आणि तिच्या तोंडातून अर्धा हजेरीपट लोंबत होता. मी विचारलं, "तोंडात काय आहे ते लिहायचं राहिलं का गं?"

ती म्हणाली, "ते लिहायचं नसतं, बाई."