सत्तेला हद्द आखणारा कायदा

राज्यघटना म्हणजे देशाचा पायाभूत कायदा. संसद, मंत्रिमंडळ आणि न्यायालये यांना अधिकार देते ती घटना, आणि त्या अधिकारांची हद्द आखते तीही घटनाच. यातले दुसरे काम अधिक मोलाचे आहे. राज्य चालवायला घटना लागतेच असे नाही, राजेमहाराजांनी ती नसतानाही राज्ये चालवली. सत्तेला आवर घालायला मात्र ती लागते. ब्रिटनमध्ये हे काम निरनिराळे कायदे, न्यायनिर्णय आणि मुरलेले संकेत मिळून करतात. फाळणीतून आणि जातिव्यवस्थेच्या जाचातून वाट काढणाऱ्या भारताला केवळ संकेतांच्या भरवशावर राहणे परवडणारे नव्हते.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय घटनेत सुरुवातीला ३९५ कलमे होती. कलम १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द ठरतो, मग त्यामागे कितीही मोठे बहुमत असो. हक्क डावलला गेल्यास कलम ३२ च्या आधारे कोणालाही थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कलमाला घटनेचा आत्मा मानत.

कलम ३६८ मात्र संसदेला घटना दुरुस्त करण्याचा अधिकार देते. या अधिकाराला मर्यादा आहे का, हा प्रश्न १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात निकाली निघाला. तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले की संसद घटनेत बदल करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एवढा मोठा सिद्धान्त एका मताने तगला!

तरीही शब्द आपण होऊन कोणाचे रक्षण करत नाहीत. आणीबाणीत हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात होती. सुटकेसाठी त्यांना न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निकाल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने दिला. घटना तीच होती. तिच्या बाजूने उभे राहिले ते एकटे न्या. एच. आर. खन्ना. पुढच्याच वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट शब्दांत चुकीचा ठरवला.