तोशीस कोणी सोसावी?

चाकणच्या पेट्रोल पंपावर पाळी सुटण्याच्या वेळी घटकाभर उभे राहिले, तर ध्यानात येते की कंत्राटी कामगार पेट्रोल लिटरच्या मापाने मागत नाही. "शंभराचं टाका," म्हणतो. नोट तीच राहते, टाकीत पडणारे तेल तेवढे भाव चढेल तसे आटत जाते. आणि 2021 साली पुण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून त्या नोटेत एक लिटरही बसेनासे झाले. "आपलं नशीब," असे पुटपुटून तो गाडीला किक मारतो. त्या शब्दापाशी माझे मन अडखळते.

कर्माचे फळ कर्त्याने भोगावे, असे आपले शास्त्र सांगते. परंतु 1973 च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरांवरून बाराच्या घरात गेला, किंवा 2008 च्या जुलैत तो 147 डॉलरांना भिडला, त्यात या माणसाचे कर्म ते कोणते? देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग परदेशातून डॉलर मोजून आणावा लागतो, हे खरे. तरी त्यावर कर किती बसवावा आणि वाढीची तोशीस कोणाच्या माथी मारावी, हे माणसेच ठरवितात. त्याला प्रारब्ध म्हणणे मला मान्य नाही.

डिझेल कडाडले की मालमोटारीचे भाडे चढते, खनिज तेलापासूनच होणारा प्लास्टिकचा दाणा महागतो. मोठा कारखाना गाडीची किंमत वाढवून मोकळा होऊ शकतो. भोसरी-तळवड्याच्या शेडमध्ये दोन-चार मशिनांवर जॉबवर्क करणाऱ्याला मात्र दर वाढवून मिळत नाही, आणि वीज गेली तरी जनरेटर लावून माल मुदतीत पोचवावाच लागतो. तो मग कामगारांचा ओव्हरटाइम तोडतो. कामगाराच्या खाली कोणी उरलेले नसते.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीलगत भामचंद्राचा डोंगर आहे. तेथे तुकोबांनी चिंतन केले, अशी परंपरा आहे. सन 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात स्वतः होरपळून निघालेल्या, घरी सावकारी असलेल्या या पुरुषाने कर्जखतांतला धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याच्या हवाली केला आणि उरलेला आपला तेवढा इंद्रायणीत बुडविला, असेही तीच परंपरा सांगते. ही कथा वैराग्याची म्हणून सांगतात. मला तीत जमाखर्चाचाही धर्म दिसतो. आलेली तूट त्यांनी ऋणकोंकडे ढकलली नाही, स्वतःपाशी थांबविली. आणि भावाच्या वाट्याला हात लावला नाही, कारण त्याग आपल्याच हिश्श्याचा करावयाचा असतो. आज काटकसरीचा उपदेश ज्याला केला जातो, त्याच्यापाशी बुडविण्याजोगे खतच नाही. ते सरकारच्या करवसुलीत आहे, मोठ्या कारखान्याच्या खरेदीखात्यात आहे. त्या खात्याने जॉबवर्कच्या करारात डिझेलच्या भावाबरोबर दर वर-खाली होण्याचे एक कलम घातले, तरी कितीतरी शेडमधला ओव्हरटाइम वाचेल.