सोसणे म्हणजेच माया का?



नवरा बायकोला मारतो, बाप मुलांना मारतो, याविषयी आपण हल्ली थोडेफार बोलतो. पण पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आईवर हात उगारतो, मोबाईल काढून घेतला म्हणून मुलगी वडिलांच्या अंगावर ताट भिरकावते, याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. आई दंडावरचा वळ पदराखाली झाकते आणि शेजारणीला सांगते, "मोरीत पाय घसरला." सारोळ्यासारख्या गावात एका घरातला आवाज दुसऱ्या घरात ऐकू जातो, तरी आपण ऐकून न ऐकल्यासारखे करतो. घरची अब्रू वेशीवर टांगू नये, ही आपली रीत.

आई गप्प बसते ती मायेपोटी. प्रभूने क्षमेला मोजमाप ठेवले नाही, हेही ती ऐकत आलेली असते. मग प्रश्न असा की, मार सोसून गप्प राहणे हीच क्षमा का?

आम्हाला तसे वाटत नाही. पापनिवेदनाला आपण जातो तेव्हा पापाचे नाव घेऊन ते सांगतो, मगच क्षमा मिळते. जे घडलेच नाही असे आपण दाखवतो, त्याची क्षमा कशी होणार? आईवडिलांचा मान राखण्याची चौथी आज्ञा मुलांच्याच कल्याणासाठी दिली आहे. मूल ती रोज मोडते आणि आपण पाहत राहतो, तेव्हा आईच्या अंगाला इजा होते आणि मुलाच्या आत्म्याला. आज आईवर उठलेला हात उद्या बायकोवर उठणार नाही, याची हमी कोण देणार?

संत मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षे रडली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ऑगस्टीन भलत्या पंथाला लागला तेव्हा तिने त्याला आपल्या घरात राहू देण्यास आणि आपल्या पंगतीला बसू देण्यास नकार दिला होता, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. पुढे एका स्वप्नाने तिला धीर आला व तिने त्याला जवळ केले. त्याचा दोष मारहाणीचा नव्हता. तरी एवढे खरे की, अश्रू ढाळणारी आई "इथवरच, पुढे नाही" असेही म्हणू शकते. त्याने माया कमी होत नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात बंडखोर मुलाविषयी फार कठोर शिक्षा आहे. ती प्रत्यक्षात कधी दिलीच गेली नाही, असे काही यहुदी गुरूंचे मत होते. पण त्यातली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे: आई आणि बाप दोघांनी मिळून नगराच्या वेशीवर वडीलधाऱ्यांपुढे जायचे. म्हणजे जी गोष्ट आपण वेशीवर नेऊ नये म्हणतो, ती एकट्या आईने घरात सोसायची नाही, असेच तिथे सांगितले आहे.

कायदाही आता आईच्या बाजूने आहे. मुंबईतील एका आईने व मुलीने दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातून "सज्ञान पुरुष" ही अट काढून टाकली. सोळा-सतरा वर्षांचे मूलही अशा हिंसाचारात सामील असू शकते, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. अर्थात, कोर्टाची पायरी ही पहिली पायरी नव्हे.

दुसरी बाजूही पाहू. संत पौल मुलांना आज्ञाधारक राहायला सांगतो आणि लगेच बापांना बजावतो की, मुलांना चिडीस आणू नका. दारू पिऊन आलेला बाप आईला मारतो, ते मूल कोपऱ्यातून पाहत असते. चारचौघांत मार्कांवरून केलेला पाणउतारा ते विसरत नाही. कधी व्यसन असते, कधी मनाचा आजार. प्रत्येक वेळी आईबापच चुकलेले असतात असेही नाही. कारण शोधावे, त्यावर उपाय करावा. पण कारण सापडले म्हणून मारण्याची मुभा मिळत नाही.

राग पेटलेला असताना वाद घालू नका. घराबाहेर पडा, शेजारी जा. जिवावर बेतले तर 112 ला फोन करा. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हे क्रमांक मोफत आहेत. व्यसनासाठी पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे. आणि कोणी आई आपल्याकडे मन मोकळे करील, तर ती गोष्ट चहाच्या टपरीवर नेऊ नका. लोकांच्या तोंडाच्या भीतीनेच ती इतके दिवस गप्प असते.

मुलांनो, तुमच्या हातून असे घडले असेल, तर फादरांकडे या. पापनिवेदनात सांगितलेले बाहेर जात नाही. मग घरी जाऊन आईला सांगा, "माझे चुकले." ती या शब्दांची वाट पाहत असेल.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाची कृपा आपल्या घरांवर राहो.