सोबत्यांची वार्ता

ज्यांनी तरुणपणी एका वर्गात बसून विद्या घेतली, ते वय उतरल्यावर एकमेकांस कोणती वार्ता देण्यास बांधलेले आहेत? सुखाची द्यावी हे सर्वांस मान्य आहे. परंतु दुःखाची, अपयशाची, सांगताना मान खाली जाईल अशी वार्ता द्यावी किंवा झाकून ठेवावी, ह्याविषयी आमच्या कबनुरात यंदा पुष्कळ बोलणे झाले. ते विचार करण्याजोगे वाटल्यावरून वाचकांपुढे मांडीत आहो.

कबनूर हे इचलकरंजीस लागून असलेले गाव. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार ह्यांनी पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढे मागांचा खडखडाट आसपासच्या खेड्यांतही शिरला. ह्या गावची मुले कोणी इचलकरंजीस, कोणी कोल्हापुरास कॉलेजात गेली. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज 1880 सालचे. गोपाळ कृष्ण गोखले हेही काही काळ तेथलेच विद्यार्थी होते. आमच्या वेळच्या सोबत्यांपैकी एक बँकेत चढला, एक मास्तर झाला, कित्येक जण बापाच्या मागांवर परत आले. कॉलेजात सर्वांस एकच बाक, एकच पुस्तक व एकच दटावणी होती. ती बरोबरी कोणी कमाविलेली नव्हती. ती आयती मिळाली होती, आणि पुढील पन्नास वर्षांत प्रपंचाने ती हळूहळू काढून घेतली.

वर्षातून एकदा हे सोबती एकत्र जमतात. वार्ता सांगण्याची पाळी येते तेव्हा बहुधा घर बांधले, नातू झाला, मुलगा पुण्यास लागला, अशाच गोष्टी निघतात. यंदा मात्र खर्चीवर माग चालविणारे एक गृहस्थ उभे राहिले व म्हणाले, "माझे माग भंगाराच्या वजनाने गेले. सध्या एका किराणा दुकानात हिशेब लिहितो." क्षणभर कोणास काय बोलावे सुचेना. मग मागून एकाने विचारले, "दुकान कोठे रे? दुपारी सुटी असते का?" एवढा साधा प्रश्न, परंतु त्याने सभेची मान वर झाली. नंतर आणखी एकाने आपल्या डोळ्यांचे सांगितले. त्यास आता वर्तमानपत्र वाचवत नाही.

जेवण झाल्यावर एक सोबती नाराज होऊन म्हणाले, "वर्षातून एक दिवस हसावे म्हणून येतो. औषधांचे खोके व कर्जाचे कागद घरी आहेतच. ते येथे कशाला?" हे म्हणणारे कठोर मनाचे नाहीत. घरी अंथरुणास खिळलेल्या पत्नीची सेवा करून ते आले होते. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सत्तरीच्या माणसास विसाव्याचा एक दिवस हवा असतो, आणि सोबत्यांनी एकमेकांस तो द्यावा हाही धर्मच आहे.

तथापि आमचे मत त्यांच्या विरुद्ध पडते. जेथे सुखाचीच वार्ता चालते तेथे ज्याच्यापाशी सुख उरले नाही तो येईनासा होतो, आणि त्याचे न येणे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मग उरलेल्यांचे हसणे म्हणजे ज्यांचे बरे चालले आहे त्यांचेच हसणे. त्यास सोबत म्हणावे काय?

येथे एक भेद मात्र काटेकोर पाळला पाहिजे. आपले दुःख सांगणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. दुसऱ्याचे दुःख त्याच्या माघारी नेऊन पोहोचविणे ही चहाडी, मग ती कितीही कळवळ्याने केलेली असो. "अमक्याच्या मुलाने त्यास घराबाहेर काढले, बिचारा!" असे म्हणणारा त्या बिचाऱ्यास दुसऱ्यांदा घराबाहेर काढतो. हल्ली प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन असल्यामुळे हे पाप फार स्वस्त झाले आहे. अमेरिकेत हार्वर्ड कॉलेजात दर पाच वर्षांनी त्या त्या वर्गाचा अहवाल छापण्याची जुनी चाल आहे; तीत ज्याने त्याने आपली हकीकत आपणच लिहावयाची असते. ही रीत आम्हांस रास्त वाटते. त्याच कॉलेजातील 268 विद्यार्थ्यांच्या आयुष्याची पाहणी 1938 साली सुरू होऊन ते म्हातारे होईपर्यंत चालली. तीत असे दिसले की उतारवयातील आरोग्य व समाधान ह्यांचा संबंध जिव्हाळ्याच्या माणसांशी फार जवळचा आहे. हे ठरविण्यास एवढी वर्षे लागावीत ह्याचे आमच्या पारावरील म्हाताऱ्यांस हसू येईल.

सोबत्यांत मतभेदही असतात, व कधी कधी तेच वार्तेची वाट बंद करितात. टिळक व आगरकर हे डेक्कन कॉलेजापासूनचे सोबती. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविषयी छापलेल्या मजकुरावरून 1882 साली दोघांस शिक्षा होऊन मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढावे लागले, आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. पुढे सुधारणेच्या प्रश्नावर फाटले. 1887 साली आगरकरांनी 'केसरी' सोडला, 1888 साली 'सुधारक' काढला, आणि भांडण छापील अक्षरांत सर्व महाराष्ट्राने वाचिले. 17 जून 1895 रोजी आगरकर वारले तेव्हा त्यांस एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. 'केसरी'तील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. टिळक पुढे पंचवीस वर्षे जगले. परंतु दोघांनी मिळून म्हातारे होणे त्यांच्या वाट्यास आले नाही. ज्यांच्या वाट्यास ते आले आहे त्यांनी जुन्या निवडणुकीतील किंवा बांधावरील अबोला किती वर्षे पुरवावा, हे त्यांचे त्यांनी पाहावे.

ऐकणाऱ्याचेही काम सोपे नाही. ईयोबाचे तीन मित्र त्याच्या विपत्तीची वार्ता ऐकून आले व सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तेथवर त्यांनी सर्व ठीक केले. पुढे ते दुःखाचे कारण समजावू लागले, आणि तेथेच चुकले. सांदीपनींच्या आश्रमातील सुदाम्याची गोष्टही आपल्या सर्वांस ठाऊक आहे. लोक कृष्णाच्या औदार्याची वाखाणणी करितात. आम्हांस मात्र नेहमी वाटते की, पत्नीने आग्रह करीपर्यंत सुदामा इतकी वर्षे का गेला नाही, हा प्रश्न अधिक विचारण्याजोगा आहे. त्यास सोबत्याविषयी शंका होती, की आपल्या फाटक्या वस्त्राची लाज?

यंदाच्या नावांच्या यादीत दोघांपुढे काहीच लिहिलेले नाही. त्यांतील एकाचा टेलिफोन बंद आहे. दुसरे रुईस राहतात व त्यांस ऐकू येत नाही असे कळते, म्हणजे टेलिफोनाचा उपयोगच नाही. रुई येथून फार दूर नाही. दुकानात हिशेब लिहिणारे ते गृहस्थच म्हणाले की दुपारची सुटी असते, मी सायकलीवरून जाऊन येतो.