मांडीवरची गिटार आणि सुराची आस

मांडीवर आडव्या ठेवलेल्या, पोकळ लाकडाच्या गिटारला कोणता पिकअप लावावा, असं दुकानदाराला विचारलं तर तो कंपनी आणि किंमत सांगतो. साउंडवाल्याचं उत्तर सरळ असतं : जो शिट्टी मारणार नाही तो. दोघांचंही चुकत नाही. पण वाद्याचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा म्हटलं की त्यातलं काही ना काही वाटेत सांडणारच. काय सांडू द्यायचं आणि काय जिवापाड जपायचं, हे दुकानदार किंवा साउंडवाला ठरवू शकत नाही. ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं असतं, आणि तेही पिकअप घेण्याआधी.

पिकअपचा जन्मच या वाद्यासाठी झाला, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं. हवाई बेटांवर जोसेफ केकुकूनं तारांवरून पोलादी दांडी सरकवण्याची पद्धत रुजवली, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ती अमेरिकेत पोचली, वाद्यवृंदांत शिरली आणि तिथल्या कर्ण्या-तुताऱ्यांखाली दबली. जॉर्ज बीचम स्वतः हवाईयन गिटार वाजवायचा. त्यानं 1931 साली नालाच्या आकाराचे चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं वापरून पहिला यशस्वी पिकअप घडवला, आणि 1932 पासून तो बसवलेली गिटार विक्रीला आली. ती मांडीवर ठेवूनच वाजवायची होती. पुढे जगभर गाजलेल्या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारी तिच्या मागून आल्या.

आज निवड मुख्यतः तिघांतून करायची असते. चुंबकी पिकअपला फक्त पोलादाची हालचाल कळते. तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. लाकूड काय बोलतं याचा त्याला जवळजवळ पत्ताच नसतो. दुसरा पायझो. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज तयार होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 साली दाखवलं. तोच गुण वापरून हा घोडीखालचा दाब किंवा लाकडाची थरथर टिपतो. तिसरा माइक. तारेचा आणि लाकडाचा आवाज हवेत एकजीव झाल्यावर तो ऐकतो, म्हणून आपल्या कानाला सगळ्यांत जवळचा तोच.

लाकडी गिटारवाल्यांचा रिवाज पायझोकडे किंवा माइककडे झुकतो. चुंबकी पिकअपनं गिटारचं लाकूडपण हरवतं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या संगीतासाठी ते खरंही आहे. तिथे आघातामागून आघात येतो. प्रत्येक ठोक्यात लाकूड ऐकू यावं लागतं. आपल्याकडे मात्र ही गिटार गाण्यासारखी वाजते, आणि त्यामुळे हिशेबच बदलतो.

तारेवर काहीतरी सरकवून गळ्याची चाल वाद्यात उतरवणं आपल्याला नवं नाही. तंजावर भागातल्या तिरुविडैमरुदूरच्या सखारामरावांनी गोट्टुवाद्यम मैफिलीत मानानं बसवलं; सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांच्यासारखे गायक त्यांच्याकडे शिकले. उत्तरेत ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर राग मांडला. 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे. त्या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती केली एचएमव्हीतल्या जी. एन. जोशींनी, म्हणजे मराठी भावगीताच्या आरंभकाळातल्या एका गायकानं. गळ्याची जाण असलेल्या माणसाला या गिटारमध्ये गाणं ऐकू आलं, यात मला नवल वाटत नाही.

या वादनात उजव्या हाताचा आघात एक आणि डाव्या हाताचा प्रवास चार स्वरांचा. आघात झाला त्या क्षणापासून तार विझू लागते आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, त्या विझण्यातच घ्यावी लागते. षड्जावर छेडलेली तार पंचमावर पोचते तेव्हा तिच्यात थोडकाच जीव उरलेला असतो, आणि रसिक ज्याला दाद देतात तो सूर नेमका तोच. म्हणून या वाद्यात जपायची वस्तू आस, म्हणजे छेडल्यानंतर तारेत रेंगाळणारा सूर, आहे; ठोका दुय्यम. पायझो नेमका उलटा वागतो. आघात टोकदार करतो, दांडीची खरखर इमानानं पुढे पाठवतो आणि सुराचं शेपूट मंडपाच्या गोंगाटात बुडू देतो. चुंबकी पिकअप ठोका मवाळ करतो आणि तार हलते आहे तोवर तिच्यासोबत राहतो. लाकूड कमी ऐकू येतं, हे त्याचं मोल. मींडेसाठी ते मोजावं असं माझं ठाम मत आहे.

आता हे जळकोटसारख्या गावातल्या मंडपात आणून पाहू. सप्ताह असो की गणेशोत्सव. वर पत्रा, बाजूला जनरेटर, एकाच बोर्डावर दिव्यांच्या माळा आणि साउंडचं मशीन, अर्थिंगचा भरवसा नाही. एकवेटोळी चुंबकी पिकअप अशा ठिकाणी विजेची 50 हर्ट्झची घरघर ओढून घेतो. त्यावर इलाज आहे : 1955 साली सेथ लव्हरनं उलटसुलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा पिकअप बनवला, त्यात बाहेरची घरघर परस्पर कटते. इथे तोच घ्यावा. मात्र गिटारच्या जाड तारांवरचं ब्राँझचं वेष्टन चुंबकाला दिसत नाही, आतला पोलादी गाभाच दिसतो. त्यामुळे साध्या तारा ओरडतात आणि वेष्टनाच्या तारा मागे पडतात. पिकअपची उंची तारेगणिक जुळवावी लागते. चुंबक फार जवळही नको, तो तारेला ओढतो आणि आस तोडतो.

लाकडाची चव हवी असेल तर वरच्या फळीला आतून एक पायझो चिकटवावा आणि तो थोडाच मिसळावा. पण तो साउंडवाल्याच्या मिक्सरला थेट जोडू नये. एक नॅनोफॅरड धारितेचा पायझो 10 किलोओहमच्या इनपुटला जोडला तर साधारण 16,000 हर्ट्झच्या खालचं सगळं पातळ होतं; एक मेगाओहमला ही मर्यादा 160 हर्ट्झवर येते, दहा मेगाओहमला 16 वर. पायझोचा आवाज पत्र्यासारखा येतो अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा पुष्कळदा दोष मधे प्रीॲम्प नसण्याचा असतो.

माइक मात्र या मंडपात हरतो. मांडीवरच्या गिटारचं तोंड छताकडे. पत्र्यावरून परतलेला आवाज तिच्या पोटात शिरतो, वरून लावलेल्या माइकलाही गाठतो आणि शिट्टी सुरू होते. याच माइकनं दुसरीकडे काय केलं तेही ऐकावं. 1992 साली सांता बार्बरातल्या एका प्रार्थनागृहात विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ध्वनिमुद्रित झाली ती माइकच्या एका जोडीवर. 1994 साली तिला ग्रॅमी मिळालं. भट्टांच्या गिटारच्या, म्हणजे मोहनवीणेच्या, तरफेच्या तारा त्यात स्वच्छ झंकारतात, कारण ती खोली शांत होती.

यातून मी एक गोष्ट घेतो : पिकअपच्या आधी जागा निवडावी. शाळेच्या एका खोलीत चाळीस माणसं सतरंजीवर बसली तर या गिटारला तारेचा तुकडाही जोडायची गरज नाही. आवाज वाढवत गेलं की काय होतं, ते आपल्याकडच्या वरातींतल्या बेंजोत दिसतं; तोही आडवा ठेवूनच वाजवायचा. 1912 साली जपानमध्ये निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज. पिकअप लावून तो रस्त्यावर उतरला, वर्षानुवर्षं वराती नाचवल्या, आणि आता डीजेच्या भिंतीपुढे मागे हटतो आहे. आवाजाच्या चढाओढीत उतरलेल्या वाद्याला कधी ना कधी आपल्याहून मोठं कुणी भेटतंच. गिटारनं त्या चढाओढीत पडू नये. तिच्याजवळ दुसरं काही आहे, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवं.

म्हणून दुकानात पिकअप पाहताना द्रुत ‘झाला’ वाजवून दाखवू नका. एकच तार छेडा, दांडी षड्जावरून सावकाश पंचमावर न्या आणि एखाद्याला दूर उभं करून विचारा, पंचम पोचला का? तो पोचत असेल तर लाकडाची थोडी उणीव सोसता येईल. तो पोचत नसेल तर बाकी सगळे गुण असूनही तो पिकअप आपल्या गाण्याच्या कामाचा नाही.