कोण कोण भेटलं होतं?

१७ मे २०१८ रोजी केरळमधल्या कोळिकोडच्या एका रुग्णालयात मेंदूला सूज आलेला एक तरुण दाखल झाला. असे रुग्ण तिथल्या डॉक्टरांना नवे नव्हते. पण घरच्यांकडे चौकशी करताना कळलं की, बाराच दिवसांपूर्वी, ५ मे रोजी, या तरुणाचा भाऊ अशाच आजाराने गेला आहे आणि घरातली आणखी दोन माणसं आजारी आहेत. डॉक्टरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नमुने आधी मणिपालला गेले आणि मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने निदानावर शिक्कामोर्तब केलं: निपाह. वटवाघळांकडून माणसात येणारा विषाणू. त्यावर लस नाही, हमखास गुण देणारं औषध नाही.

पुढे जे रुग्ण येऊ लागले, ते मात्र त्या घरातले नव्हते. गावं वेगळी, व्यवसाय वेगळे, एकमेकांची तोंडओळखही नाही. मग यांना जोडणारा दुवा कोणता? आरोग्य खात्याची माणसं घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारत राहिली: आजारी पडण्याआधी कुठे कुठे गेला होता, आणि कोण कोण भेटलं होतं? रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसला, किंवा त्याचे दिवस घालायची वेळ आली असली, तर हाच प्रश्न त्याच्या बायकोला, भावाला, शेजाऱ्याला विचारायचा. ज्या घरात नुकताच मृत्यू झालाय, तिथे बसून तारखा जुळवायच्या, दवाखान्याचे केसपेपर मागायचे. हे काम किती जड असेल, याची कल्पना करून पाहावी.

त्या तारखा जुळवता जुळवता एक जागा समोर आली: कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरचा व्हरांडा. पहिल्या रुग्णाला, म्हणजे त्या तरुणाच्या भावाला, ५ मे रोजी तपासणीसाठी तिथे आणलं होतं. तो खोकत होता. त्याच वेळी त्या व्हरांड्यात कुणी स्वतःचा नंबर लागायची वाट पाहत होतं, कुणी नातेवाइकाच्या सोबतीला आलं होतं. नंतर आजारी पडलेल्यांपैकी अनेक जण त्या दिवशी तिथे ताटकळत होते.

दुवा सापडला, तशी कामाला दिशा मिळाली. रुग्णांच्या संपर्कात आलेल्या अडीच हजारांहून अधिक लोकांची यादी झाली. प्रत्येकावर २१ दिवस लक्ष ठेवायचं. ताप आला का, डोकं दुखतं का, हे रोज फोन करून विचारायचं आणि जरासं लक्षण दिसलं की लगेच वेगळं ठेवून तपासायचं. नंतरच्या अभ्यासानुसार त्या साथीत एकूण २३ जणांना लागण झाली आणि त्यातले २१ दगावले. पेरांब्रा तालुका रुग्णालयात पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी त्या २१ जणांत होत्या. आकडा लहान दिसतो. पण लागण झालेल्या दहांतले नऊ जण गमावले, अशी ती साथ होती. अशी साथ २३ वर अडली, यामागे लोकांना चिकाटीने शोधण्याचं आणि रुग्णांना वेगळं ठेवण्याचं काम होतं.

जंगलात वणवा लागण्याआधी वनखात्याचे लोक जाळरेषा काढतात. गवताचा एक पट्टा आधीच जाळून मोकळा केला, की आग तिथवर येते आणि पुढे सरकायला काही न मिळाल्यामुळे विझते. साथरोगात रुग्णाभोवती अशीच रेषा आखावी लागते. पण ती कुठून आखायची, हे फक्त रुग्ण सांगू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसतो; काल संध्याकाळी आपण कुणाच्या शेजारी बसून चहा प्यायलो, हे त्यात दिसत नाही. ते माणसानेच सांगावं लागतं, आणि खरं सांगावं लागतं. मोबाइल आले, ॲप आली, तरी या शोधाचा पाया माणसाच्या खऱ्या बोलण्यावरच आहे.

आणि माणूस खरं कधी बोलतो? त्याला भीती नसते तेव्हा.

१९७७ सालची गोष्ट. देवी रोग जगातून जवळजवळ हद्दपार झाला होता. सोमालियातल्या मर्का गावी अली माव मालिन हा रुग्णालयातला तरुण स्वयंपाकी देवीच्या दोन रुग्णांच्या गाडीत बसून चालकाला वाट दाखवायला गेला. थोडा वेळच तो गाडीत होता. काही दिवसांनी त्याला ताप भरला, अंगावर पुरळ उठलं. आधी हिवताप समजून आणि मग कांजिण्या समजून उपचार झाले. हे काहीतरी वेगळं आहे, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. पण विलगीकरणाच्या छावणीत जावं लागेल या धास्तीने तो गप्प राहिला. शेवटी एका सहकाऱ्याने कळवलं. मग त्याच्या संपर्कातली १६१ माणसं शोधून काढण्यात आली, आसपासच्या हजारो लोकांना लस टोचली गेली. त्याच्यापासून कुणालाही लागण झाली नाही. नैसर्गिकरीत्या देवी झालेला तो जगातला शेवटचा माणूस ठरला. पुढे अली पोलिओ निर्मूलनाच्या कामात उतरला. सुई दुखेल या भीतीने आपण देवीची लस टाळली होती, हे तो आयांना मोकळेपणी सांगत असे आणि मुलांना डोस द्यायला त्यांचं मन वळवत असे.

तेव्हा गप्प राहिलेल्या अलीला दोष द्यावासा मला वाटत नाही. कोळिकोडची साथ सुरू असताना पेरांब्राच्या रुग्णालयातल्या परिचारिकांना लोक बसमध्ये, रिक्षात शेजारी बसू देईनात. मृतांच्या अंत्यसंस्काराला स्मशानातली माणसं पुढे येईनात. हे पाहिलेला माणूस उद्या आपला ताप कुणाला सांगेल? कोविडच्या काळात आपणही काय वेगळं केलं? बाधितांची नावं व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरली. बरे होऊन आलेल्यांना सोसायटीत शिरताना अडवलं गेलं. आजार लक्षणांआधीच पसरत होता, म्हणून संपर्कशोधाला मुळातच मर्यादा होत्या; त्यात आपल्या या वागण्याची भर पडली. ज्याला शेजाऱ्यांची धास्ती वाटते, तो खोकला दाबतो आणि भेटलेल्यांची नावं गाळतो. गाळलेल्या एकेका नावापाशी रेषा तुटते आणि आग पुढे जाते.

म्हणून हा शोध म्हणजे दोन्ही बाजूंनी पाळायचा करार आहे, असं मी मानतो. आजारी माणसाने खरं सांगावं. त्याबदल्यात समाजाने त्याचं नाव झाकून ठेवावं, त्याच्या घरी किराणा, औषधं पोचतील हे पाहावं, बुडालेल्या मजुरीची काळजी करावी आणि बरा झाल्यावर त्याला पूर्वीसारखंच हाक मारून बोलावावं. कराराची ही दुसरी बाजू आपण पाळली नाही, तर पहिल्या बाजूची अपेक्षा करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

हे सगळं मोठ्या साथींपुरतंच आहे, असं समजू नये. आपल्याकडे क्षयरोगाच्या बाबतीत हाच शोध रोज सुरू असतो. टीबीचा एक रुग्ण सापडला की आशाताई त्याच्या घरी जाते. घरात कोण कोण राहतं, कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे, वजन कुणाचं उतरलंय, लहान मुलं किती, हे विचारते. घरातल्यांची तपासणी होते. ज्यांना आजार नाही, त्यांना तो पुढे होऊ नये म्हणून औषध देता येतं. हे सारं सरकारी व्यवस्थेत मोफत आहे. तरीही दारातल्या आशाताईला कितीदा ऐकावं लागतं, "काही नाही हो, साधा खोकला आहे." त्या उत्तरामागे लग्न ठरायची राहिलेली मुलगी असते, भाड्याची खोली जाण्याची भीती असते, कारखान्यातून काढून टाकतील ही चिंता असते. आणि त्याच घरात आजीच्या कुशीत झोपणारं एखादं तान्हं मूलही असतं. खोटं उत्तर सगळ्यात महाग पडतं ते त्या मुलाला.

आज सकाळी आपण इतकं ठरवू या. आरोग्यसेविका दारात आली, तर तिला बसायला सांगू, पाणी देऊ आणि ती विचारेल त्याचं खरं उत्तर देऊ. शेजारच्या घरातून आजाराची बातमी कानावर आली, तर ती पुढे पोचवू नका. डबा घेऊन त्यांच्या दारापर्यंत जा. साथ थांबवायची पहिली जबाबदारी आजारी माणसाच्या तोंडून खरं निघेल असं वागण्याची आहे, आणि ती धडधाकट असलेल्या आपल्या सगळ्यांची आहे.